टाकी भरली तरी मोटर बंद होत नाही: कंट्रोलरचा रिले दर उन्हाळ्यात का चिकटतो आणि त्यावर खरा इलाज काय

गच्चीवरची टाकी भरून वाहतेय. टाकीतलं पाणी पाहून मोटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवरचा मोटरचा दिवा विझलेला आहे, पण खाली मोटर चालूच आहे. मेन बंद करून परत चालू केलं तरी तेच. मग कुणीतरी डब्यावर एक थाप मारतं, आतून टक्‌ असा आवाज येतो आणि मोटर थांबते. काही दिवस बरं चालतं आणि पुन्हा तोच प्रकार. इलेक्ट्रिशियन येतो, ‘कंट्रोलर गेला’ म्हणतो, नवा लावून देतो. पुढच्या एप्रिल-मेमध्ये तो नवाही त्याच वाटेनं जातो.

नागपुरात मनीषनगर, बेसा, मानेवाडा, जिथे जिथे खाली संप (जमिनीतली टाकी) आणि वर टाकी असलेल्या फ्लॅट स्कीम आहेत, तिथे ऊन तापायला लागलं की ही तक्रार हमखास कानावर येते. मी कंट्रोल पॅनल जोडण्याचं काम करतो आणि असे बरेच डबे उघडून पाहिले आहेत. माझं मत सरळ आहे. यातले बहुतेक कंट्रोलर खराब नव्हते. त्यांच्या आतल्या चिमुकल्या रिलेवर, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या बटनावर, मोटरचा पूर्ण भार टाकला होता आणि ते त्याचं काम नव्हतं. जोडणी तीच ठेवून डबा कितीही वेळा बदला, काही फरक पडणार नाही.

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा

मोटर बंद न होण्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखता येतात. टाकी भरली आहे, मोटर चालू आहे, अशा वेळी कंट्रोलरचा मोटरवाला दिवा बघा.

दिवा लागलेला असेल तर कंट्रोलरला टाकी भरल्याचं कळलेलंच नाही. म्हणजे गडबड सेन्सरमध्ये. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. टाकीतल्या सेन्सरच्या सळ्यांवर पांढरा थर बसतो, वायरचा जोड गंजतो. सळ्या घासून स्वच्छ करा, जोड नव्याने करा, काम झालं. अशा वेळी रिलेला हात लावायची गरज नाही.

दिवा विझलेला आहे आणि मोटर तरी चालू आहे, तर मात्र रिलेचे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके, चिकटले आहेत. खात्री करायची असेल तर मेन एमसीबी पाडा, मोटरकडे जाणारी वायर कंट्रोलरमधून काढा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून रिलेच्या इनपुट आणि आउटपुट टर्मिनलवर लावा. सप्लाय नसताना तिथे मीटर वाजता कामा नये. वाजला तर पॉइंट जोडलेलेच राहिले आहेत. एमसीबी पाडल्यावर लाईन खरंच गेली आहे ना, हे फक्त टेस्टरवर ठरवू नका, मीटरने व्होल्टेज मोजून बघा. गच्चीवर ओल्या पायानं हे काम करूच नका.

उलटा प्रकारही होतो. दिवा लागतो, टक्‌ आवाज येतो, पण मोटर चालू होत नाही किंवा नुसती घुरघुरते. तिथे पॉइंट चिकटलेले नसतात, जळून काळे पडलेले असतात. आणि दिवा लागूनही टक्‌ आवाजच नसेल तर रिलेची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) बघा. १२ व्होल्टच्या छोट्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहम दाखवते. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे.

हा रिले नेमकं करतो काय

रिले म्हणजे विजेनं चालणारं बटन. आत तारेची एक कॉइल असते. तिला थोडा करंट दिला की तिचं चुंबक होतं, ते लोखंडाची एक पट्टी ओढून घेतं आणि पट्टीच्या टोकाचे पॉइंट जुळतात. कॉइलचा करंट थांबला की स्प्रिंग पट्टी मागे खेचते आणि पॉइंट सुटतात. कॉमन, एनओ आणि एनसी ही तीन टर्मिनल बहुतेक रिलेंवर मिळतात. कॉइल बंद असताना कॉमन एनसीला जोडलेला असतो, कॉइल चालू झाली की तो एनओवर जातो. मोटरसाठी एनओ वापरायचा, म्हणजे कंट्रोलर बंद पडला तर मोटरही बंद राहते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कॉइल आणि पॉइंट यांच्यात तारेचा कुठलाच संबंध नसतो. एका बाजूला १२ व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर, दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट आणि कितीतरी अँपिअर, मधे फक्त चुंबकाची ओढ. म्हणून टाकीतल्या सळ्यांना कमी व्होल्टेज देता येतं आणि पाण्यात २३० व्होल्ट उतरवावे लागत नाहीत. कळमन्याच्या बाजारात मुकादम नुसती हाक मारतो आणि पोती हमाल उचलतो, तशी ही वाटणी आहे. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा पोतीही मुकादमाच्याच पाठीवर टाकली जातात.

रिलेबद्दल एक गैरसमज मला सारखा भेटतो, तो इथेच काढून टाकतो. साधा रिले संरक्षण देत नाही. जास्त करंट गेला तर तो तुटत नाही, उलट चिकटतो. फ्यूज आणि एमसीबीचं काम वेगळं, ओव्हरलोडचं वेगळं, गळती करंट पकडणाऱ्या आरसीसीबीचं वेगळं. पंपाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच, रिले कितीही चांगला लावला तरी.

पॉइंट चिकटतात कसे

मानेवाड्याच्या एका स्कीममध्ये काकांनी जुने डबे जपून ठेवले होते. म्हणाले, “दरवर्षी नवा डबा घेऊन राहिलो जी आपण, अन्‌ दरवर्षी टाकी वाहून राहिली. कंपनीच बदलून पाहू का आता?” मी त्यातल्या एका डब्याचा रिले काढला आणि वरचं निळं कव्हर ब्लेडने कापून त्यांना दाखवला. दोन्ही पॉइंट एकमेकांना घट्ट धरून होते, बारीक स्क्रू-ड्रायव्हर मधे घालून सोडवावे लागले. एका पॉइंटवर खड्डा पडला होता आणि समोरच्यावर त्याच मापाचा उंचवटा आला होता. भोवती काजळी, आणि प्लास्टिकची कड पिवळी पडून वितळायला आलेली. कव्हरवर छापलं होतं १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. काकांचा प्रश्न रास्त होता, “मोटर तर सात अँपिअर घेते, मग दहावाला कसा जळला?”

उत्तर त्या दहा आकड्याच्या अर्थात आहे. छोट्या रिलेवरचा हा आकडा बहुधा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. असा भार चालू होताना आणि चालू असताना जवळपास सारखाच करंट घेतो. मोटरचं तसं नाही. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना साधारण ६ ते ७ अँपिअर घेते, पण थांबलेल्या स्थितीतून उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ३० ते ४० अँपिअर ओढते. नेमक्या याच क्षणी रिलेचे पॉइंट जुळत असतात.

पॉइंट जुळताना एका फटक्यात शांत बसत नाहीत. ते काही मिलिसेकंद आदळतात, उडतात, पुन्हा आदळतात. प्रत्येक उडीत मधे ठिणगी पडते आणि चांदीच्या मिश्रधातूचा तो बारीक ठिपका वितळतो. वितळलेल्या अवस्थेतच दोन्ही पॉइंट दाबले गेले की ते थंड होताना एकमेकांत गोठतात. स्प्रिंग एवढीशी, ती हा जोड तोडू शकत नाही. डब्यावर थाप मारल्यावर तो तुटतो, पण पॉइंटचा पृष्ठभाग तोवर खडबडीत झालेला असतो. म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लवकर चिकटतो. थाप मारून चालवत राहणं यासाठीच धोक्याचं. एखाद्या रात्री थाप मारायला कुणी नसलं की संप रिकामा होतो आणि मोटर कोरडी चालून सील जळतं.

मोटर बंद करतानाही त्रास आहेच. मोटरच्या वाइंडिंगला करंट सोडवत नाही, पॉइंट सुटताना ठिणगी लांबते. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ती ठिणगी लगेच विझते. तरी प्रत्येक वेळी थोडी चांदी उडून जातेच. म्हणूनच १० अँपिअरच्या रिलेचा मोटरसाठीचा खरा आकडा निम्म्याच्याही खाली येतो.

मग हिवाळ्यात का नाही, मे महिन्यातच का

मे महिन्यात तीन गोष्टी एकदम येतात.

पहिली, व्होल्टेज. संध्याकाळी घराघरांतले कूलर आणि एसी चालू झाले की लाईनच्या शेवटच्या टोकाला २३० चे १८०-१९० झालेले मी मीटरवर पाहिले आहेत. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. १८० व्होल्टला तो पूर्ण जोराच्या ६१ टक्क्यांवर येतो. मोटर हळू उठते, म्हणजे तो ३० अँपिअरवाला काळ लांबतो आणि पॉइंट तेवढा वेळ भाजत राहतात.

दुसरी, उष्णता. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना जिन्याच्या टोपीखाली, पत्र्याजवळ लावलेला डबा आत सहज ६५ अंशांवर जातो. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवर ९ व्होल्टला ओढणारी १२ व्होल्टची कॉइल ६५ अंशांवर साडेदहा व्होल्टच्या पुढे मागते. स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यातून निघणारे व्होल्ट मेनबरोबर खाली जातात. मेन २३० असताना १२ मिळत असतील तर मेन १८० झाल्यावर साडेनऊच्या आतच मिळतील. म्हणजे कॉइल पॉइंट ओढत तरी नाही, किंवा कसंबसं, हळू आणि कमी दाबाने ओढते. पॉइंट जास्त उडतात आणि लवकर चिकटतात. मी म्हणेन, डबा सावलीत, भिंतीवर, हवा खेळेल अशा जागी हलवणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे आणि तोच कुणी करत नाही.

तिसरी, वायर. मीटरपासून पंपापर्यंत ३० मीटर अंतर आणि १ चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर जाण्यायेण्याच्या ६० मीटर तांब्याचा रोध साधारण १ ओहम भरतो. ३५ अँपिअरच्या झटक्याला त्यात ३५ ते ४० व्होल्ट खर्च होतात. आधीच १९० आलेले, त्यातून हे गेले तर मोटरला काय उरलं? तिथे २.५ ची वायर टाकली की व्होल्टेजचा हाच खड्डा १५ व्होल्टपर्यंत येतो. कंट्रोलरमध्ये लो-व्होल्टेज कट-ऑफ असेल आणि त्याला थांबण्याची मुभा दिलेली नसेल, तर तो या खड्ड्याला घाबरून मोटर तोडतो. तोडल्यावर व्होल्टेज वर येतं, तो परत जोडतो, पुन्हा खड्डा. मिनिटभरात कितीतरी वेळा ३० अँपिअरचे झटके पॉइंटवर पडतात. लाईन जाऊन परत आल्यावर तर अख्ख्या गल्लीतल्या मोटरी एकाच वेळी उठायला बघतात. रिलेवर मोटरचा भार असेल आणि वर हे असं चालत असेल, तर तो चिकटणारच.

इलाज: रिलेला फक्त हुकूम देऊ द्या

कंट्रोलरचा रिले तसाच राहू द्या, पण त्याच्यातून मोटर चालवू नका. त्याच्यातून कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा आणि कॉन्टॅक्टरमधून मोटर. कॉन्टॅक्टर हा तत्त्वाने रिलेच, पण मोटरचा झटका सोसायला बनवलेला. पॉइंट मोठे, दाब जास्त, प्रत्येक पोलवर (करंटच्या वाटेवर) दोन जागी तुटणारे आणि ठिणगी विझवायला वेगळी जागा असलेले.

दुकानात, सीताबर्डीत असो की इतवारीत, नुसतं ‘१६ अँपिअरचा कॉन्टॅक्टर द्या’ म्हणू नका. कॉन्टॅक्टरवर दोन आकडे असतात. एसी-१ चा आकडा मोठा असतो, तो हीटरसाठी. एसी-३ चा आकडा लहान असतो, तो मोटरसाठी, आणि आपल्याला तोच बघायचा आहे. १ एचपीला एसी-३ मध्ये ९ अँपिअर पुरतो, मी १२ चा लावतो. किमतीत फार फरक नसतो आणि उन्हाळ्यात ती सवड कामी येते. कॉइल २३० व्होल्ट एसीची आहे याची खात्री करा. ४१५ व्होल्टच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर दिसायला अगदी तसाच असतो आणि घाईत हातात पडतो.

जोडणी अशी. एमसीबीतून आलेला फेज कॉन्टॅक्टरच्या एका पोलमधून मोटरकडे, न्यूट्रल दुसऱ्या पोलमधून मोटरकडे. त्याच एमसीबीनंतर एक बारीक वायर काढून २ अँपिअरच्या फ्यूजमधून कंट्रोलरच्या रिलेच्या कॉमनला. रिलेच्या एनओमधून वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए१ या टोकाला. दुसरं टोक ए२ सरळ न्यूट्रलला. झालं. काही कंट्रोलरच्या आउटपुटवर आतूनच फेज येतो. तिथे वेगळी वायर काढायची गरज नाही, आउटपुटचा फेज ए१ ला आणि आउटपुटचा न्यूट्रल ए२ ला जातो. कोणता प्रकार आहे ते आधी मीटरने तपासा.

आता हिशेब बघा. अशा लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना साधारण ०.३ अँपिअर घेते आणि धरून ठेवताना ०.०४ च्या आसपास. जो रिले ३५ अँपिअरचा झटका सोसत होता, त्याच्या वाट्याला आता अर्ध्या अँपिअरच्याही आतला भार येतो. चिकटण्याचं कारणच उरत नाही.

कॉन्टॅक्टरची कॉइलही सुटताना उलटा झटका मारते, त्यासाठी ए१-ए२ वर आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, लावा. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅराड, कपॅसिटर मेन लाईनवर चालणारा एक्स-२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचा. तयार जोडलेलाही मिळतो. डीसी कॉइल असेल तर त्याऐवजी उलटा डायोड, १एन४००७ पुरतो.

करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले लावणार असाल तर, आणि लावाच, एक बाब सांभाळा. बाजारातले ओव्हरलोड तीन पोलचे असतात आणि बरेचसे एक फेज तुटल्याचंही ओळखतात. सिंगल फेज मोटरचा करंट त्यांच्या दोनच पोलमधून नेला तर तिसरा रिकामा राहतो, ओव्हरलोडला वाटतं फेज गेला, आणि तो विनाकारण ट्रिप होतो. म्हणून फेज पहिल्या पोलमधून, न्यूट्रल दुसऱ्यातून नेऊन परत तिसऱ्यातून फिरवायचा. तिन्ही पोलमधून सारखाच करंट गेला पाहिजे. ओव्हरलोडचा ९५-९६ हा एनसी पॉइंट ए१ च्या वायरमध्ये ओळीत टाका आणि डायल मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरवर ठेवा. ट्रिप होते म्हणून डायल वर चढवत नेणं हा मोटर जाळायचा हमखास रस्ता आहे.

लावल्यानंतरची सेटिंग

कॉन्टॅक्टर कॉइलच्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपासून नीट ओढतो, म्हणजे २३० च्या कॉइलला साधारण १९५ व्होल्ट हवेत. एकदा ओढला की १७०-१७५ पर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे मोटर उठतानाचा छोटा खड्डा तो पचवतो. पण संध्याकाळी तुमच्याकडे मुळातच १८५ येत असतील तर तोही थरथरेल, आणि थरथरणारा कॉन्टॅक्टर त्या छोट्या रिलेसारखाच पॉइंट जाळून घेतो. अशा ठिकाणी लो-व्होल्टेज कट-ऑफ हवा, तो २०० वर ठेवा आणि तोडण्याआधी दोन-तीन सेकंद थांबेल असा डिले द्या. परत जोडण्याचा डिले दोन-तीन मिनिटांचा. लाईन आल्याआल्या गल्लीची गर्दी ओसरू द्यायची, मग आपली मोटर उठवायची. एवढं करून संध्याकाळी मोटर चालतच नसेल तर पाणी भरायची वेळ पहाटेवर न्या, तेव्हा व्होल्टेज जवळजवळ नेहमीच चांगलं असतं. आणि रोज तेच होत असेल तर मीटरवरचे आकडे वेळेसकट लिहून वीज कंपनीकडे तक्रार द्या. नुसतं ‘व्होल्टेज डाऊन आहे’ म्हणण्यापेक्षा त्याला वजन असतं.

मोटर दिवसातून किती वेळा उठते तेही बघा. टाकीतल्या वरच्या आणि खालच्या सेन्सरमध्ये चार बोटांचं अंतर असेल तर दर बादलीला मोटर चालू होईल. खालचा सेन्सर निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली न्या. पाइप टाकीत पाण्याखाली उघडत असेल आणि पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व गळत असेल तर टाकीतलं पाणी परत संपात उतरतं आणि तोही अशी खोटी सुरुवात घडवून आणतो. छोट्या रिलेचं विजेच्या भारावरचं आयुष्य कंपन्या साधारण १ लाख वेळा असं देतात, बिनभाराचं १ कोटी. फरक सगळा ठिणगीचा आहे.

बोअरची सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली) मोटर असेल तर वरची जोडणी जशीच्या तशी चालणार नाही. तिच्या पॅनलमध्ये बहुतेकदा स्टार्ट कपॅसिटर असतो, जो फक्त सुरुवातीचा क्षणभर जोडायचा असतो. हिरवं बटन दाबून सोडायचे पॅनल त्यासाठीच असतात. नुसता मेन देऊन ती मोटर उठणार नाही, आणि स्टार्ट कपॅसिटर जोडलेलाच राहिला तर तो फुटतो. तिथे ऑटो पॅनल घ्या, ज्यात हे काम वेगळा रिले करतो, आणि टाकीच्या कंट्रोलरने त्या पॅनलला फक्त चालू-बंदचा इशारा द्यायचा.

हाच दोष दुसरीकडे

वाय-फायवर चालणारे स्मार्ट स्विच आतून हेच निळे रिले वापरतात. २ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. १० अँपिअरच्या रिलेवर तो चालतो, पण काठावर, आणि तासन्‌तास. तिथे १६ अँपिअरचा स्विच घ्या किंवा मधे कॉन्टॅक्टर टाका. एसीच्या कॉम्प्रेसरला तर थेट लावूच नका. मंगल कार्यालयांतले मोठे कूलर एकाच टायमरवरून चालवतात, तिथेही टायमरने कॉन्टॅक्टर ओढायचा. घरच्या कूलरच्या पंपाला मात्र यातलं काही लागत नाही, तो काही वॅटचा असतो, साधं बटन पुरतं. पंखा, ट्यूब, एखादा बल्ब यांनाही रिलेची गरज नाही. जिथे करंट लहान आहे आणि बटन हाताशी आहे तिथे रिले म्हणजे बिघडायला एक जास्तीची वस्तू.

गाडीच्या हेडलाइटला रिलेचा उपयोग लगेच दिसतो. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात आणि तो सगळा करंट हँडलजवळच्या बटनातून, बारीक वायरमधून फिरून येत असेल तर बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी पडलं की उजेड ३० टक्क्यांनी पडतो. रात्री उमरेड रस्त्याने जाताना हे चांगलंच जाणवतं. रिलेच्या ८५ आणि ८६ या कॉइलच्या टोकांना बटनाचा इशारा, ३० ला बॅटरीकडून जाड वायर, ८७ वरून बल्ब. ३० च्या वायरमध्ये बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घाला, रिलेजवळ नाही, कारण मधली वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं दुसरं काही नसतं.

सोलर आणि बॅटरीच्या डीसी लाईनवर एसीचा रिले लावू नका. डीसीचा करंट शून्यावर येत नाही, ठिणगी विझत नाही. ज्या रिलेवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं, त्याच्यावरच डीसीसाठी बहुधा ३० व्होल्ट लिहिलेले असतात, ते वाचा.

सॉलिड स्टेट रिले लावू का, असं मला बरेच जण विचारतात. त्यात पॉइंटच नाहीत म्हणून चिकटणार नाही, असा त्यांचा समज असतो. पण बिघडला की तोही बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो. शिवाय त्याच्यावर एक-दीड व्होल्ट कायम खर्च होतात, म्हणजे ७ अँपिअरला ७ ते १० वॅट उष्णता. आपल्या मे महिन्यात, बंद डब्यात, हीटसिंकशिवाय तो टिकत नाही. ओव्हनसारखा भार मिनिटाला अनेकदा चालू-बंद करायचा असेल तिथे तो उत्तम. दिवसातून दोनदा चालणाऱ्या पंपाला कॉन्टॅक्टरच बरा.

कॉन्टॅक्टर लावूनही मोटर जड उठत असेल तर

मग मोटरचा रन कपॅसिटर तपासा. उष्णतेनं त्याची क्षमता घटत जाते. त्याच्यावर छापलेल्या मायक्रोफॅराडपेक्षा मीटरने १० टक्क्यांहून जास्त घट दाखवली तर बदला. मोजण्याआधी मेन बंद करा आणि १० किलोओहमचा रेझिस्टर लावून तो डिस्चार्ज करून घ्या. कपॅसिटर ठीक निघाला तर मेन बंद असतानाच मोटरचा शाफ्ट मागच्या पंख्याकडून हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर बेअरिंग गेलं आहे किंवा इंपेलर जाम झाला आहे, आणि ते काम वाइंडिंगवाल्याकडे न्यायचं आहे. मोकळा फिरत असेल तर मोटर चालू असताना क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या आणि तो आकडा तारखेसह पॅनलच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो वाढलेला दिसला तर ओव्हरलोड ट्रिप व्हायच्या आधीच कळेल.